हेतू आणि हेत्वाभास : बैठकीत बोलणाऱ्यांसाठी एक पाठ

'वाद' हा शब्द हल्ली फार बदनाम झाला आहे. 'तिकडे जाऊ नका, तिथे वाद चालला आहे,' असे आपण म्हणतो तेव्हा आपल्या मनात भांडण असते. आपल्या शास्त्रकारांच्या मनात तसे नव्हते. गीतेच्या दहाव्या अध्यायात भगवंत आपल्या विभूती सांगतात, तेव्हा बोलणाऱ्यांच्या बोलण्यातला वाद तो मी, असेही सांगतात. भांडण ही काही भगवंताची विभूती होणार नाही. मग हा वाद कोणता?

याचा उलगडा गौतमांच्या न्यायसूत्रात आहे. माणसे समोरासमोर बसून एखाद्या गोष्टीची चर्चा करतात, तिचे तेथे तीन प्रकार केले आहेत. दोघांनाही खरे काय ते हवे असते आणि दोघेही आपले म्हणणे प्रमाणाने मांडतात, तो वाद. दोघांनाही जिंकायचे असते, मग खोटा डाव टाकावा लागला तरी चालेल, तो जल्प. आणि स्वतःचे काहीच मांडायचे नाही, समोरच्याचे तेवढे मोडायचे, ती वितंडा. आपल्या घरात, पारावर, दिंडीच्या बैठकीत रोज काय चालते, ते ज्याने त्याने मनाशी ताडून पाहावे. वादाचे नाव घेऊन आपण बहुतेक वेळा जल्पच करीत असतो.

ज्ञानेश्वरीच्या आरंभी माउलींनी गणेशाचे जे रूपक बांधले आहे, त्यात तर्क हा देवाच्या हातातला परशू आहे. त्याच रूपकात संवाद हा देवाचा दात आहे आणि त्याचा शुभ्रपणा हा समतेचा शुभ्रपणा आहे. म्हणजे तर्काची धारही हवी आणि संवादाची समताही हवी. नुसती धार असली तर माणसे दुखावतात, नुसती समता असली तर खोटे तसेच राहून जाते. आजच्या पाठात आम्ही या परशूची धार कशी ओळखावी आणि तो कुठे चालवावा, एवढेच सांगणार आहोत.

हेतू म्हणजे काय?

न्यायशास्त्रातले नेहमीचे उदाहरण डोंगरावरच्या अग्नीचे आहे. डोंगरावर धूर दिसतो, म्हणून तेथे अग्नी आहे असे आपण म्हणतो. अग्नी डोळ्यांनी दिसलेला नाही. धूर हा त्याचा हेतू, म्हणजे कारण देण्याचा आधार. हा हेतू खरा का? तर जिथे जिथे धूर असतो तिथे तिथे अग्नी असतोच, स्वयंपाकघरातल्या चुलीप्रमाणे. आणि जिथे अग्नी नाही तिथे धूर नाही, तळ्याप्रमाणे.

आता हेच उलटे करून पाहा. 'डोंगरावर अग्नी आहे, म्हणून तेथे धूर असलाच पाहिजे,' असे कोणी म्हणाला तर? ऐकायला सारखेच वाटते. पण लोहाराच्या भट्टीतून काढलेला लाल गोळा पाहा. त्यात अग्नी आहे, धूर नाही. धूर निघतो तो ओल्या लाकडामुळे. ते ओले लाकूड ध्यानात न घेता केलेले अनुमान फसते. असा जो हेतू दिसतो हेतूसारखा, पण असत नाही, त्याला हेत्वाभास म्हणतात. सतराव्या शतकात अन्नंभट्टांनी नवशिक्यांसाठी तर्कसंग्रह नावाचे छोटे पुस्तक लिहिले. त्यात हेत्वाभासाचे पाच प्रकार सांगितले आहेत: सव्यभिचार, विरुद्ध, सत्प्रतिपक्ष, असिद्ध आणि बाधित. नावे भारी आहेत म्हणून घाबरू नये. यांतले दोन-तीन तरी आपल्या तोंडून रोज निघतात, आणि त्यांच्या जोडीला आणखी काही असतात ज्यांना आपल्या म्हणींनीच नावे दिली आहेत.

पाठ सोपा जावा म्हणून आपण एक दिंडी कल्पू या. आषाढीची वाट आहे. मुक्कामावर राहुट्या लागल्या आहेत, जेवणे झाली आहेत. दिंडीतल्या दोघांना दुपारपासून जुलाब होत आहेत. बैठक बसली आहे. दिंडीत एक शाळामास्तर आहेत. ते म्हणतात, "उद्यापासून टँकरच्या पाण्यात टीसीएल पावडर टाकू या, आणि अर्धा तास थांबूनच पाणी भरू द्या." विषय एवढाच. पण त्यावर बैठक रात्रीपर्यंत रंगते. काय काय बोलले गेले ते एकेक घेऊ.

पहिला आभास : बोलणाऱ्यावर घाव

प्रथम विणेकरी बाबा बोलले. "मास्तर, तुमची ही दुसरीच वारी. आमच्या चाळीस झाल्या. तुम्ही आम्हाला पाणी प्यायला शिकवणार होय?"

बैठक हसली. पण बाबांनी उत्तर कशाचे दिले? पाण्यात जंतू आहेत की नाहीत, पावडरीने मरतात की नाहीत, यातल्या एकाचेही नाही. मास्तरांच्या वाऱ्या दोन आहेत हे खरे; पण वाऱ्यांच्या संख्येवरून पाण्यातले जंतू कमी-जास्त होत नाहीत. लहान मुलाने 'बाबा, राहुटीत साप आहे' म्हटले तर आपण त्याचे वय विचारीत नाही, आधी पाय वर घेतो.

याचाच जुळा भाऊ म्हणजे 'तू तरी कुठे?' कोणी तरी मागून म्हणाले, "मास्तर, काल तुम्हीसुद्धा ओढ्याचं पाणी प्यालात की!" प्याले असतील. त्याने मास्तरांच्या वागण्यातली उणीव दिसली. पाणी काही त्याने चांगले ठरले नाही.

मात्र येथे एक विवेक ठेवावा. माणूस कसा आहे हे पाहणे प्रत्येक वेळी चूक नव्हे. एखादी गोष्ट आपण केवळ कोणाच्या शब्दावर मानणार असलो, तर तो आप्त आहे का, म्हणजे त्याला ती गोष्ट ठाऊक आहे का आणि तो खरे बोलणारा आहे का, हे पाहावेच लागते. सावकाराने 'कागदावर अंगठा कर, तुझ्या भल्याचेच आहे' म्हटले तर सावकार कोण हे विचारावेच. पण मुद्दा ज्याला स्वतः तपासून पाहता येतो, त्याने तो सोडून बोलणाऱ्याची जात, वय, वाऱ्या मोजू नयेत.

दुसरा आभास : भलत्याच शितावरून भात

बाबा पुढे म्हणाले, "चाळीस वर्षं मी मिळेल ते पाणी प्यालो. मला काही झालं नाही. मग पाण्यात दोष कुठला?"

हा सव्यभिचार हेतू. 'मला झाले नाही' हे खरे. पण 'पाण्यात दोष नाही' हे त्याच्या मागोमाग यायलाच पाहिजे असे नाही. दूषित पाणी पिणारा प्रत्येकजण आजारी पडतो असे कोठे आहे? कोणी पडतो, कोणी निभावतो.

शितावरून भाताची परीक्षा करावी असे आपण म्हणतो, आणि ते बरोबरच आहे. पण कधी बरोबर? भात एकाच भांड्यातला असला, सगळ्याला सारखी आच लागली असली, तेव्हा. वाळकी खिचडी एका पातेल्यात आणि भात दुसऱ्या चुलीवर, तर या शितावरून त्याची परीक्षा कशी करणार? बाबांचे पोट हे एक शीत. दिंडीतले म्हातारे, लेकुरवाळ्या बाया, लहान पोरे यांची पोटे वेगळी.

आणखी एक बारकावा येथे आहे, तो फार कामाचा आहे. चाळीस वर्षांत ज्यांना त्या पाण्याने बाधले, ते आज बैठकीत 'मला झाले' म्हणायला कोठून येणार? काही घरी राहिले असतील, काही देवाघरी गेले असतील. जे तरले तेच सांगायला उरतात, म्हणून तरण्याचीच गोष्ट पुष्कळदा कानावर येते. 'मी असा वागलो आणि माझे काही बिघडले नाही' असे कोणी सांगू लागला, की ज्यांचे बिघडले त्यांची आठवण आपण मुद्दाम करावी.

तिसरा आभास : कावळा बसायला आणि फांदी तुटायला

मग स्वयंपाकावरच्या आक्का बोलल्या. "गेल्या साली फलटणला पावडर टाकली, अन् दुसऱ्या दिवशी चौघांची पोटं बिघडली. पावडरीनंच झालं ते."

कावळा बसतो, फांदी तुटते. कावळ्याने तोडली असे वाटते. संस्कृतात यालाच काकतालीय न्याय म्हणतात. तेथे फांदीऐवजी ताडाचे फळ आहे. एकामागून दुसरे घडले, म्हणजे एकामुळे दुसरे घडले असे होत नाही. पोरगे आजारी पडले की 'माळ काढली म्हणून', बैल मेला की 'नवी सून आली म्हणून', हे सारे याच जातीचे. यात कोणा गरीब सुनेचा जन्म जळून जातो, तेव्हा हा केवळ पंडितांचा विषय आहे असे कोणी मानू नये.

मग कारण ओळखावे कसे? त्यासाठी अन्वय आणि व्यतिरेक हे दोन डोळे लागतात. कारण असेल तेथे कार्य होते का, हा अन्वय. कारण नसेल तेथे कार्य होत नाही ना, हा व्यतिरेक. पाण्याचाच विषय आहे, म्हणून या दोन डोळ्यांनी पाहिल्याची एक खरी घडलेली गोष्ट सांगतो. ती लंडन शहरातली आहे.

१८५४ सालच्या ऑगस्टअखेर लंडनच्या सोहो भागात पटकीची साथ उसळली. थोड्या दिवसांत सहाशेहून अधिक माणसे गेली. पटकी घाणेरड्या हवेतून येते, असे तेथल्या बहुतेक शहाण्यांचे त्या वेळी मत होते. जॉन स्नो नावाच्या डॉक्टरांना मात्र संशय पाण्याचा होता. त्यांनी घरोघर हिंडून कोण कोठले पाणी पीत होते ते विचारले. मेलेल्यांतले बहुतेक ब्रॉड स्ट्रीटवरच्या एका पंपाचे पाणी पिणारे निघाले. हा अन्वय. पण ते तेवढ्यावर थांबले नाहीत. जवळच गरिबांना ठेवण्याचे एक मोठे घर होते. तेथे ५३५ माणसे होती, हवा तीच होती, पण मेली पाचच. त्या घराची विहीर वेगळी होती. शेजारी दारूचा एक कारखाना होता. तेथले कामगार पंपाचे पाणी पीत नव्हते, आणि त्यांच्यात पटकीने कोणी मेले नाही. हा व्यतिरेक. उलट, कित्येक मैलांवर हॅम्पस्टेडला राहणारी एक विधवा बाई पटकीने गेली. तिच्या आसपास रोगाचे नाव नव्हते. शोध घेतला तेव्हा कळले की, पूर्वी ती ब्रॉड स्ट्रीटला राहात असे आणि त्या पाण्याची गोडी लागल्यामुळे गाडीवानाकडून तेच पाणी मागवून पीत असे. हवा दूरची, पाणी मात्र तेच.

८ सप्टेंबर १८५४ रोजी त्या पंपाचा दांडा काढून टाकण्यात आला. साथ संपली. आता एखादा सामान्य माणूस असता तर छाती फुगवून म्हणाला असता, 'दांडा काढला आणि साथ गेली!' स्नोंनी तसे म्हटले नाही. माणसे आधीच घरे सोडून पळाली होती आणि साथ आधीपासूनच उतरणीला लागली होती, हे त्यांनी स्वतः नमूद केले. आपल्याच बाजूची फांदी तुटली तरी ती कावळ्याच्या खात्यावर मांडायची नाही, हा खरा नैयायिक. पुढे रॉबर्ट कॉख यांनी पटकीचा जंतू ओळखून दाखवला आणि १८८४ साली कलकत्त्यात तो तळ्याच्या पाण्यातही सापडला. त्या शतकात आपल्या पंढरीच्या यात्रेतही पटकीने माणसे गेली आहेत. तेव्हा हा विषय परक्यांचा नव्हे.

आक्कांना आता काय विचारावे? 'गप्प बसा' म्हणू नये. विचारावे, "आक्का, त्या चौघांनी टँकरचंच पाणी प्यालं होतं का? ज्यांनी टँकरचं प्यालं त्या बाकीच्यांना काही झालं का? पावडर किती टाकली होती?" हे प्रश्न आदराचे आहेत, आणि यांतल्या शेवटच्या प्रश्नाकडे आपल्याला पुन्हा यायचे आहे.

चौथा आभास : शब्दाचा छल

एक टाळकरी उठून म्हणाले, "नीरेचं पाणी शुद्ध, चंद्रभागेचं पाणी शुद्ध. शुद्ध पाण्याला आणखी काय शुद्ध करायचं?"

न्यायसूत्रांवरच्या वात्स्यायनांच्या भाष्यात एक गमतीचे उदाहरण आहे. एकजण म्हणतो, हा मुलगा 'नवकंबल' आहे, म्हणजे याच्याजवळ नवे कांबळे आहे. दुसरा म्हणतो, 'याच्याजवळ नऊ कांबळी कोठे आहेत? एकच तर आहे!' नव म्हणजे नवे आणि नव म्हणजे नऊ. एका शब्दाचे दोन अर्थ, आणि बोलणाऱ्याच्या मनात नसलेला अर्थ काढून त्याला खोटे पाडायचे. हा वाक्छल.

आपल्या टाळकऱ्यांचा 'शुद्ध' तसाच आहे. तीर्थ शुद्ध आहे, म्हणजे पवित्र आहे; तो भावाचा विषय. पाणी शुद्ध आहे, म्हणजे त्यात रोगाचे जंतू नाहीत; तो तपासण्याचा विषय. पवित्र नदीत गावाची गटारे सोडली तर तिचे पावित्र्य कोणी काढून घेत नाही, पण ते पाणी पिणाऱ्याचे पोट मात्र बिघडते. मास्तर दुसऱ्या अर्थाने बोलत होते, टाळकरी पहिल्या अर्थाने उत्तर देत होते. अशा वेळी पुष्कळ बोलण्यापेक्षा एक प्रश्न पुरतो: "माउली, हा शब्द आपण दोघे एकाच अर्थानं वापरतोय ना?"

छलाचा आणखी एक प्रकार पाहा. त्याच टाळकऱ्यांनी पुढे म्हटले, "म्हणजे मास्तरांच्या मते आमची चंद्रभागा घाण!" मास्तर असे बोललेच नव्हते. ते टँकरच्या पाण्याविषयी बोलत होते. समोरच्याचे म्हणणे आधी विद्रूप करायचे आणि मग त्या विद्रूपाला हाणायचे, हे शेतातल्या बुजगावण्याशी कुस्ती खेळण्यासारखे आहे. चीत झाले ते बुजगावणे. मास्तरांचा मुद्दा तसाच उभा. यावर उपाय असा की, उत्तर देण्याआधी समोरच्याचे म्हणणे आपल्या शब्दांत सांगावे आणि 'तुम्हाला हेच म्हणायचे ना?' असे विचारावे. त्याने 'होय' म्हटल्याशिवाय पुढे जाऊ नये.

पाचवा आभास : हे तरी नाहीतर ते तरी

एका तरुणाने आवाज चढवून विचारले, "मास्तर, तुमचा भाव विठ्ठलावर आहे की पावडरीवर? एक काय ते सांगा!"

प्रश्न मोठा भक्तीचा वाटतो, म्हणून मास्तर गांगरले. पण 'हे की ते' असे दोनच दरवाजे दाखवणाऱ्याला आधी विचारावे की, तिसरा दरवाजा कोणी बंद केला? आपण आळंदीहून निघताना पावसासाठी डोईवर प्लॅस्टिकचा कागद घेतो, दिवे घाट चढताना पायांत वहाणा घालतो, भिशीचे पैसे भरून दोन वेळच्या जेवणाची सोय करतो. तेव्हा 'तुझा भाव विठ्ठलावर की वहाणेवर?' असे कोणी विचारीत नाही. दोन गोष्टी एकमेकींच्या आड येत नसताना त्यांना आमनेसामने उभे करणे, हा आभास आहे. धाक दाखवून उत्तर काढण्याची ही रीत असल्याने तिच्यापुढे भली माणसे गप्प बसतात, म्हणून ती विशेष ओळखून ठेवावी.

सहावा आभास : चालत आले म्हणून

मग चोपदार म्हणाले, "आपल्या दिंडीत हे कधी झालं नाही. आजवर चालत आलं तेच चालू द्या. बाकीच्या दिंड्या तरी कुठं टाकतात?"

परंपरा ही वारकऱ्याला प्राणासारखी, हे आम्ही नाकारीत नाही. पुष्कळ पिढ्यांनी जे जपले त्यात काही शहाणपण असेल, असे धरून चालावे हेच बरे. पण 'चालत आले' हा हेतू एकटाच पुरेसा नाही, कारण तो दोन्ही बाजूंना सारखाच लागू पडतो. मे १९४७ मध्ये साने गुरुजी पंढरपूरला तनपुरे महाराजांच्या मठात उपोषणाला बसले. अस्पृश्य मानलेल्या बांधवांना विठ्ठलमंदिर खुले करावे, एवढीच त्यांची मागणी होती. विरोध करणारे म्हणत, आजवर असेच चालत आले. पण ज्या महाद्वाराबाहेर त्या भक्तांना थांबवले जाई, तेथेच संत चोखामेळ्यांची समाधी होती. संतांनी चोखोबांना आपल्यात घेतले, ही परंपरा नव्हे काय? एका परंपरेसमोर दुसरी तेवढ्याच तोलाची परंपरा उभी राहिली. एका हेतूला तोडीस तोड दुसरा हेतू उभा राहतो, त्याला शास्त्रात सत्प्रतिपक्ष म्हणतात. अशा वेळी 'चालत आले' एवढ्याने निकाल लागत नाही. त्या चालण्याचे फळ काय, त्याने कोणाचे भले आणि कोणाचे बुरे, हे पाहावे लागते. त्याच महिन्यात मंदिर सर्वांना खुले करण्याचे ठरले, आणि सर्वांसोबत दर्शन घेण्याने वारकऱ्याचे काही उणे झाले नाही.

'बाकीच्या दिंड्या कुठे टाकतात?' हा तर मेंढरांचा न्याय. पुढचे मेंढरू खड्ड्यात उतरले, म्हणून मागचे उतरले. किती जण करतात, यावरून ते बरोबर की चूक हे कळत नाही.

सातवा आभास : फिरून तेथेच

रात्र चढली तशी बैठक गोल फिरू लागली. एकजण म्हणाला, "खरा वारकरी वाटेत आजारी पडत नाही." मास्तर म्हणाले, "आजच दोघे पडलेत." "ते खरे वारकरी नव्हेत." "कशावरून?" "आजारी पडले त्यावरून!"

घाण्याचा बैल दिवसभर चालतो आणि संध्याकाळी तेथेच असतो. पहिले दुसऱ्यावर टेकले आणि दुसरे पहिल्यावर, याला अन्योन्याश्रय म्हणतात. दोन दारुडे एकमेकांच्या खांद्यावर टेकून उभे राहावेत, तसे हे उभे राहणे. आणि त्या बोलण्याने, राहुटीत तळमळत पडलेल्या दोघांचे वारकरीपण मात्र फुकटात हिरावून घेतले. तर्काची चूक आणि दयेची चूक येथे एकाच वेळी झाली.

मास्तरांचेही काही चुकले

एवढे वाचून कोणी म्हणेल, 'तर मग मास्तर जिंकले.' तसे नाही. मास्तरांच्या तोंडूनही दोन आभास निघाले.

ते रागाने म्हणाले, "पावडर टाकली नाही तर उद्या सगळी दिंडी आडवी पडेल, एकालाही पंढरी दिसणार नाही!" हे पुराव्याहून फार मोठे बोलणे झाले. भीती घालून मिळवलेली संमती भीती ओसरली की जाते.

दुसरा आभास अधिक सूक्ष्म आहे. ते म्हणाले, "तुमचं एकही कारण टिकलं नाही, म्हणजे माझं म्हणणं खरं ठरलं." नाही. समोरच्याचा हेतू खोटा ठरला म्हणजे त्याचे म्हणणे खोटे ठरतेच असे नव्हे, आणि आपले खरे तर त्याहून ठरत नाही. डोंगरावरचे धुके पाहून कोणी 'तेथे अग्नी आहे' म्हणाला, तर त्याचा हेतू चुकला. पण अग्नी तेथे असूही शकेल. आपले म्हणणे आपल्याच हेतूवर उभे करावे लागते. हे नवे शिकलेल्यांनी फार ध्यानात ठेवावे. हेत्वाभासांची नावे पाठ झाली की माणूस जो तो दिसेल त्याला 'हा तुझा छल, हा तुझा अन्योन्याश्रय' असे ठोकीत सुटतो. ती वितंडाच होय, फक्त शास्त्राचे उपरणे पांघरलेली.

आता आक्कांकडे परत येऊ. त्यांचे अनुमान कच्चे होते, पण त्यांच्या बोलण्यात एक खरी गोष्ट दडली होती. मापाशिवाय ओंजळभर पावडर टाकली तर पाण्याला उग्र वास येतो, माणसे ते पाणी टाळतात आणि पुन्हा ओढ्यावर जातात. पावडर आधी बादलीत कालवावी लागते, वरचे निवळ पाणी टाकीत ओतावे लागते, ते मापात असावे लागते आणि मग सुमारे अर्धा तास थांबावे लागते. पाण्यात क्लोरीन पुरेसे उरले की नाही हे औषधाचा थेंब टाकून रंगावरून पाहता येते. पालखीच्या वाटेवर आरोग्य पथके असतात, त्यांना ते ठाऊक असते. मास्तरांनी आक्कांना गप्प केले असते, तर मापाचा प्रश्न निघालाच नसता. बैठकीने 'पथकाला विचारून मापाने टाकू, आणि भांड्यावर लक्ष आक्कांनी ठेवावे' असे ठरवले, तर त्यात मास्तरही आले, आक्काही आल्या, आणि बाबांचे पाणीही सुरक्षित झाले. याचे नाव वाद.

घरी करण्याचा अभ्यास

पाठ ऐकून सोडून देण्यासाठी नसतो. येत्या महिन्यात कोणतीही बैठक असो, ग्रामसभेची, भावकीची किंवा घरातल्या सोयरिकीची, तीत बोलण्याआधी स्वतःला पाच प्रश्न विचारावेत. मी मुद्द्याला उत्तर देतो आहे की माणसाला? माझे उदाहरण एकच शीत आहे की पुष्कळ? एकामागून एक घडले एवढ्यावरून मी कारण ठरवले काय? समोरच्याचा शब्द मी त्याच्याच अर्थाने घेतला आहे ना? आणि माझे म्हणणे खोटे ठरायचे असेल तर काय दिसावे लागेल, हे मला सांगता येते का? हे प्रश्न आधी महिनाभर स्वतःलाच विचारावेत. दुसऱ्याला विचारण्याची घाई करू नये. परशूची धार प्रथम आपल्याच झाडावर पाहावी.

हे ऐकून घेण्याचे शील आपल्याला नवे नाही. पालखीच्या तळावर समाजआरतीच्या वेळी चोपदार दंड उंचावतात, तेव्हा सगळे टाळ थांबतात. ज्या दिंडीची काही तक्रार असते, तिचे टाळ मात्र वाजतच राहतात. चोपदार तेथे जातात आणि तिचे म्हणणे ऐकतात. ती दिंडी मोठी की लहान, जुनी की नवी, हे आधी विचारले जात नाही. ज्याचा टाळ वाजतो आहे त्याच्याकडे जाऊन तो काय म्हणतो ते ऐकावे, मग त्याचा हेतू तपासावा, हीच रीत घरच्या बैठकीतही चालवावी, इतकेच आमचे सांगणे आहे.

रामकृष्णहरि.